दोन खड्ड्यांचे सर

कुणाच्या घरी गेलं की माणसं ख्यालीखुशाली विचारतात. आमचे सर दारात चपला काढता काढता विचारायचे, "तुमचं पाणी कुठं जातं?"

घर कुणाचं, प्रसंग कसला, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. पुतण्यासाठी मुलगी बघायला उमापूरकडे गेले होते, तिथेही तेच. आत पोहे परतले जात होते आणि सर मोरीच्या पाइपाचा माग काढत शेजाऱ्याच्या ज्वारीत पोचले. परत आले ते बरबटलेल्या चपला हातात घेऊन. मुलीकडची माणसं उभीच राहिली. सर म्हणाले, "पोरगी लाखात एक हाय. पर घराचं समदं घाण पाणी शेजाऱ्याच्या रानात सोडलंय. त्याला इचारलं का?" पुतण्याचा जीव तोवर मुलीवर बसला होता. आठ दिवसांनी तो स्वतः कुदळ घेऊन गेला, सासरवाडीच्या परसात शोषखड्डा खणला, त्यात दगडगोटे भरून सगळं पाणी तिथंच जिरवलं, आणि मग सोयरीक पुढे सरकली. "हुंडा मागणारे लई बघितले, खड्डा देणारा हा पहिलाच," असं मुलीचा बाप म्हणाला म्हणे.

सरांचं नाव मी लिहीत नाही. केज तालुक्यात ते सांगायची गरज नाही आणि बाहेरच्यांना त्याचा उपयोग नाही. शाळेत पोरांनी त्यांना एक नाव पाडलं होतं, पण ते लिहिण्याजोगं नाही. पुढं पुढं सगळे त्यांना 'दोन खड्ड्यांचे सर' म्हणायला लागले. ते का, ते येईलच.

आठवी ते दहावी त्यांनी आम्हाला भूगोल शिकवला. उंच, काटकुळे, पँट कायम घोट्याच्या वर दुमडलेली. खांद्याला कापडी पिशवी. तिच्यात रेघा मारलेली एक काडी, सुतळीचं बंडल, हळदीची पुडी, पट्टा तुटलेलं घड्याळ आणि खारे शेंगदाणे. शेंगदाणे सोडले तर बाकी सगळं पाण्याच्या तपासाचं सामान. हळद पाण्यात सोडायची आणि ते पिवळं पाणी कुठं निघतं ते बघायचं. मोरीचं तोंड पिवळं आणि वेशीबाहेरचं डबकंही पिवळं, असं दिसलं की त्यांना आनंद व्हायचा. आम्हाला वाटायचं, माणूस थोडा सटकलेला आहे.

आणखी एक खोड होती. कुणी पाण्याचा तांब्या पुढं केला की सर तो घ्यायचे नाहीत. तिथं जो कोणी काम करत असेल, गवंडी, बिगारी, नाली काढणारा, त्याच्याकडं बोट करायचे. "त्याला दिलं का?" त्याला दिल्याशिवाय स्वतः घोट घ्यायचे नाहीत, आणि त्याला देताना वेगळा गिलास आणला तर मुळीच नाही. मी हा सुद्धा विक्षिप्तपणाच धरला होता. कारण कळायला मला पंधरा वर्षं लागली.

आठवीत त्यांनी आम्हाला घरचा अभ्यास दिला. आपल्या मोरीतून निघालेलं पाणी जिथवर जातं तिथवर त्याच्यामागं चालायचं आणि नकाशा काढायचा. अर्ध्या वर्गानं नाकं मुरडली. मी मात्र हुशार मुलगी होते, म्हणजे मार्कांची हावरी होते. आमच्या मोरीपासून निघाले, बोळातून, शेजारच्यांच्या शेळीच्या दाव्याजवळून, मारुतीच्या पाराला वळसा घालून शाळेच्या मागच्या डबक्यापाशी पोचले. नकाशा रंगीत पेन्सिलींनी रंगवला. डबकं निळंशार केलं आणि त्यात दोन बदकं काढली. आमच्या गावात बदक कुणी बघितलेलं नव्हतं.

सरांनी दहापैकी पाच दिले.

मला रडूच फुटलं. मी म्हणाले, "सर, समदं बरोबर हाय की."

"बदकं चांगली हायेत," सर म्हणाले. "पर पाणी हितं बसून राहिलं का? डबक्याच्या पुढं काय हाय?"

मी विचार केला. डबक्याच्या पुढं दहा पावलांवर आमच्या शाळेचा हापसा होता. मधल्या सुटीत सगळी शाळा ज्याचं पाणी पीत होती तो. मी "हापसा" म्हणाले. दोन पोरं नुकतीच पाणी पिऊन आली होती, ती एकमेकांकडं बघायला लागली.

"पाणी कुठून येतं हे समदे इचारतात," सर म्हणाले. "जातं कुठं हे कोन इचारत न्हाई. म्हनून ते फिरून आपल्याच तोंडात येतं. बाकीचे पाच मार्क माझ्याकडं ठेव म्हनून राहू दे. पाणी नीट कुठं संपतं ते दाखवशील तवा देतो."

मला त्या पाच मार्कांचा राग कितीतरी वर्षं होता. पुढं डी.एड. झाले, जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले, लग्न झालं, तरी राग होताच.

माझं सासर मेंढरांवालं. केजहून जीपनं आलं की गावाच्या अलीकडं आठ घरांची वस्ती लागते, ती आमच्या भावकीची. माझे सासरे, त्यांना मी मामा म्हणते, यांचं निम्मं आयुष्य मेंढरांमागं गेलं. दिवाळी झाली की कळप घेऊन निघायचे ते पावसाच्या तोंडावर परत. घर म्हणजे सामान ठेवायची जागा, एवढंच त्यांना माहीत. आता मेंढरं वीस-पंचवीस उरलीत. तेव्हा नवऱ्यानं आणि मी ठरवलं, वस्तीवरच चढाला आमची जी जागा आहे तिथं स्लॅबचं पक्कं घर बांधायचं. चढाच्या खाली वस्तीचा आड. आठही घरं त्याचंच पाणी पितात. टँकरच्या दिवसांतही त्याच्या तळाला घागरभर पाणी असतंच.

मिस्त्री आला, चुन्यानं आखणी झाली आणि पहिला प्रश्न आला तो संडासाचा. मामा म्हणाले, "घरात? जितं खायचं तितंच?" त्यांची समजूत आत्याबाईंनीच, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, घातली. "तुमचं गुडघं ऱ्हायलेत का रानात बसायचं?" एवढं एक वाक्य पुरलं. मग कुठला संडास, त्याचं पाणी कसं मुरवायचं, यावर सगळी वस्तीच बोलायला लागली. मिस्त्रीचं म्हणणं मोठी सेफ्टी टाकी. आमच्याकडं सेप्टिक टँकला हेच म्हणतात. दहा फूट खोल, तळ उघडा ठेवायचा म्हणजे पाणी खाली मुरतं आणि "तुमच्या नातवापर्यंत उपसायची गरज न्हाई." जागाही त्यानंच ठरवली, वायव्येला, वास्तूप्रमाणे. नवऱ्याला अंबाजोगाईत कुणीतरी तयार प्लास्टिकची टाकी आणि तिच्यात टाकायची जंतूंची पावडर दाखवली होती, त्याचं ते. चुलत दिरानं गोबर गॅसला जोडायचं सुचवलं. आत्याबाई म्हणाल्या, "त्या गॅसवर मी पुरन शिजवू? पाव्हण्यांनी इचारलं तर काय सांगू, कुनाच्या गॅसवर शिजलं?" तो विषय तिथंच बंद झाला.

मला काय झालं कुणास ठाऊक, मला सर आठवले. रागानंच आठवले खरं तर. फोन केला. पलीकडून आवाज आला, "कोन? हां, बदकंवाली. पाणी कुठं जातंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सर जीपमधून उतरले. दहा वर्षांनी बघत होते मी त्यांना. केस पांढरे, पँट तशीच दुमडलेली, पिशवी तीच. मी पाणी आणलं. त्यांनी मिस्त्रीच्या बिगाऱ्याकडं बोट केलं.

मग त्यांनी आमची परीक्षाच घेतली. घरात माणसं किती? पाहुणे किती येतात? जत्रेला किती? म्हातारी माणसं रात्री किती वेळा उठतात? मामा चिडले. "मास्तर, हे काय इचारनं झालं?" सर म्हणाले, "पाव्हणं, मेंढरं किती हे बघूनच वाडगं बांधता का न्हाई?" मामांना वाडग्याची, म्हणजे मेंढरं बसवायच्या कुंपणाची, उपमा पटली, पण कपाळावरची आठी गेली नाही.

जागेवर सरांनी हातभर खोल दोन खड्डे खणायला लावले. एक मिस्त्रीनं सांगितलेल्या वायव्येच्या जागी, दुसरा घराच्या पलीकडच्या अंगाला, उताराला. दोन्हींत पाणी ओतलं, रेघांची काडी उभी केली, घड्याळ मांडीवर ठेवलं आणि शेंगदाणे काढले. पाणी किती वेळात किती मुरतं ते बघायचं. पलीकडच्या खड्ड्यात मुरूम होता आणि वर चांगली मातीही, पाणी बेतानं उतरत होतं. वायव्येच्या खड्ड्यात फटीचा दगड लागला होता. पाणी ओतलं की भसकन गायब.

मिस्त्री खूष झाला. "बगा, कसं मुरतंय! टाकी भरायचीच न्हाई."

"मुरत न्हाई बे," सर म्हणाले, "पळतंय. आन कुठं पळतंय ते बघ की." त्यांनी मान फिरवून चढाखाली बघितलं. तिथं आडावर माझी चुलत जाऊ घागर भरत होती.

मला हापसा आठवला. आठ घरांचं पिण्याचं पाणी आणि त्याच्या डोक्यावर आमची दहा फुटांची उघड्या तळाची टाकी, आणि ती बांधणारी मी, भूगोलात पहिली येणारी.

सरांनी सांगितलं ते असं. आडापासून पन्नास पावलं लांब, पलीकडच्या उताराला, दोन खड्डे, फार खोल नाहीत, विटांच्या जाळीचे. पन्नास पावलं त्यांची, माझी नव्हेत, कारण मी ताडताड मोजायला लागले तर "तू चिमणीवानी चालती" म्हणून त्यांनी परत मोजली. संडासाचा पाइप एका छोट्या चेंबरमध्ये, तिथून दोन फाटे, दोन खड्ड्यांना. एका वेळी एकच खड्डा वापरायचा. तो भरला की दुसरा चालू आणि पहिला दीड वर्ष गप्प पडून राहू द्यायचा. मग उघडला की आत माती. आंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी संडासात सोडायचंच नाही, ते वेगळं, कर्दळीच्या आणि केळीच्या वाफ्याला.

नवऱ्याचं तोंड उतरलं. त्याचं कारण मला माहीत होतं. दोन खड्ड्यांचा संडास म्हणजे सरकारी अनुदानातला, गरिबाचा. स्लॅबच्या घराला तो शोभत नाही. लोक म्हणणार, बाई मास्तरीण हाय, नवरा कमावता हाय आन संडास अनुदानातला! खोटं कशाला बोलू, मलाही तेच वाटत होतं. दुपारी सगळे जेवायला गेले आणि मी सरांजवळ खड्ड्यापाशी बसले. म्हणाले, "सर, दोन खड्ड्यांचं खरं हाय. पर टाकी नीट बांधली, तळ बंद केला, लांब बांधली, तर कावून नको? लोकं बांधतातच की."

सर काडीकडं बघत राहिले. मग त्यांनी मला ते सांगितलं. मी कुणाला सांगितलेलं नव्हतं, पण आता लिहिते.

त्यांच्या स्वतःच्या घरी, नोकरी लागून घर बांधलं तेव्हाची गोष्ट. टाकी, अगदी अशीच, मोठी. ती कधी भरणार नाही असं त्यांचाही मिस्त्री म्हणाला होता, तरी भरली. उपसायला एका माणसाला बोलावलं. तो कमरेला दोर बांधून आत उतरला. थोड्या वेळानं दोर हलेना. वरच्यांनी ओढून काढला तेव्हा डोळे फिरलेले होते. लिंबाखाली आडवा केला, वारा घातला, तो शुद्धीवर आला. वाचला. उठून बसला आणि म्हणाला, पाणी द्या.

"आन घरात पळापळ सुरू झाली," सर म्हणाले. "कशासाठी ठावं हाय? त्याला पाणी कशात द्यायचं म्हनून. आई म्हणे हा गिलास नको, तो नको. बायको म्हणे फुटका कप हुता कुठंतरी. मी बी हुडकत हुतो. मी, भूगोल शिकवणारा! नद्या शिकवत होतो मी पोरांना. बाहेर आलो तर तो गेलता. तसाच गेलता. पाणी न पिताच."

खड्ड्यातलं पाणी बोटभर खाली गेलं, सरांनी काडीवर नखानं खूण केली.

"टाकी म्हणजे कुनीतरी उतरनार," ते म्हणाले. "आज न्हाई तर धा वर्षानं. आपन न्हाई उतरनार. मंग कोन? दोन खड्ड्यांत माती हुती. ती आपली आपल्याला काढता येती. ज्याचं त्यानं."

मी उठले आणि मिस्त्रीला जाऊन सांगितलं, दोन खड्डे. नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं आणि काय दिसलं कुणास ठाऊक, आखणीची दोरी उचलून मिस्त्रीच्या हातात दिली.

वास्तुशांतीच्या दिवशी वस्तीवर माणूस मावेना. मंडप, पंगती, बुंदी. मामा नव्या धोतरात, लाल फेट्यात, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या दारात उभे राहून पाहुण्यांना या म्हणत होते. सरही आले. आले ते सरळ घरामागं गेले. मला वाटलं, असू दे. पहिली पंगत बसली, सरांचं पान वाढलं, सर येईनात. बोलवायला गेले तर ते चेंबरचं झाकण काढून उकिडवे बसलेले. हळदीची पुडी रिकामी. दोन्ही खड्ड्यांकडं पिवळं पाणी चाललेलं.

मिस्त्रीनं दोन्ही फाटे चालू ठेवले होते. त्याला हाक मारली. तो हात पुसत आला आणि समजावणीच्या सुरात म्हणाला, "सर, एक खड्डा रिकामा ठेवायचा म्हणजे इटा, शिमिट समदं वायाच की. दोन्ही चालू ठिवले, डबल जागा झाली. समद्यांचे असेच करतो मी."

समद्यांचे! म्हणजे तालुकाभर दोन खड्ड्यांचे संडास बांधले गेले होते आणि एकही दोन खड्ड्यांचा नव्हता. दोन्ही एकदम भरणार, दोन्ही ओले, आणि उपसायला पुन्हा कुणाला तरी बोलवावं लागणार.

सर म्हणाले, "मी जेवत न्हाई."

वास्तुशांतीला पाहुणा उपाशी! बातमी मंडपभर झाली. माणसं हातातली पुरी तशीच धरून घरामागं यायला लागली. नवरा विनवण्या करत होता, "सर, उद्या बंद करतो, आत्ता जेवा." सर झाकणापाशी मांडी घालून बसले. "सकाळपासून दीडशे मानूस येऊन गेलंय. उद्यापातुर दोन्ही घान झाले, मंग एक कोरडा कुठून आनायचा?" माझी तर लाजेनं मान वर होईना. राग मिस्त्रीचा यावा तर सरांचाच येत होता. कुणी पाहुणी म्हणाली, "हे कसले गुरुजी म्हनायचे बाई, शुभ दिवशी संडासापाशी बसलेत."

तेवढ्यात मामा आले. त्यांनी आधी सरांना बघितलं, मग चेंबरात वाकून बघितलं. "काय झालं?"

सर म्हणाले, "पाव्हणं, तुमी शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवता. समद्या रानात एकदम बसवता का?"

"न्हाई. आज हितं वाडगं, चार दिसानं तितं. हितली लेंडी मुरू द्यायची. मेंढरं वरच्यावर तुडवायला लागली तर खत कसं व्हनार?"

"मंग हितं दोन्हीकडं मेंढरं बसवलेत तुमच्या मिस्त्रीनं."

मामा मिस्त्रीकडं वळून एवढंच म्हणाले, "आरं, वाडगं हालवायचं ऱ्हातंय." खांद्यावरचा नवा टॉवेल माझ्या हातात दिला, आत जाऊन जुन्या घोंगडीचा तुकडा आणि चिखलाचा गोळा घेऊन आले. नव्या धोतरासकट गुडघ्यावर बसले, दंडापर्यंत हात चेंबरात घातला आणि एक फाटा ठासून बंद केला. अख्खी पंगत बघत होती. आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला. मामांनी आंघोळ केली, दुसरं धोतर नेसले, सरांच्या हाताला धरून मंडपात नेलं आणि शेजारी बसून जेवले. सरांनी आधी मिस्त्रीला पाणी द्यायला लावलं. त्याच्यावर एवढा राग असतानासुद्धा.

त्या दिवसापासून दोन म्हाताऱ्यांची जी गट्टी जमली, ती आम्हाला डोईजड झाली. सर महिन्या-दोन महिन्यांनी यायचे, मामांना घेऊन गावोगाव फिरायचे आणि मिस्त्रीनं बांधलेली चेंबरं उघडून बघायचे. मामांच्या खांद्याला घोंगडीच्या तुकड्यांची पिशवी. लोक पळवून लावायचे, तरी जायचे. मला फोन यायचा तो माझ्यासाठी नसायचाच. "दुसऱ्या फाट्याचा बोळा काढला न्हाईस ना? काढू नको. निजू दे त्याला." माझ्या लेकीच्या बारशाला आले, पाळण्यातल्या लेकीला बोट धरू दिलं आणि म्हणाले, "हिची बी आता मोजायला पायजे. मानसं पाच झाली."

पहिला खड्डा भरला, आम्ही फाटा बदलला, सर हजर होते. "आता दीड वर्ष," ते म्हणाले. "उघडायला मी येनार. त्या दिवशी तुझे पाच मार्क." मी थट्टेनं म्हटलं, "आठवतंय तुमाला?" तर म्हणाले, "हिशेब माझ्याकडं असतो."

दीड वर्ष झालं तेव्हा सर अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात होते. त्यांच्या बायकोनं, आम्ही त्यांना काकू म्हणतो, फोनवर सांगितलं, "तुमी या. पर ते दोन दिसापासून बोलत न्हाईत."

मी मामांना म्हणाले, "आज खड्डा उघडायचा."

नवऱ्याला एकाएकी तहसीलमध्ये काम निघालं. मी हसले नाही, कारण मलाही कुठंतरी काम निघावं असंच वाटत होतं. मामांनी झाकण सरकवलं. मी तोंडाला ओढणी बांधली होती. डोळे मिटून फावडं घातलं आणि उघडून बघितलं तर काळीशार, भुसभुशीत माती. ओढणी काढली. वास घेतला. वास नव्हताच, म्हणजे होता तो रानातल्या मातीचा. मामांनी मूठभर उचलली, चुरली, आणि म्हणाले, "लेंडीखतापरास बरी हाय की गं." मी खाली बसले आणि रडले. आडाचं पाणी स्वच्छ होतं. आमच्या घरच्या घाणीसाठी कुणालाही खाली उतरावं लागणार नव्हतं. एवढंच तर होतं सगळं.

घरातला स्टीलचा डबा घासून पुसून घेतला, मातीनं भरला आणि अंबाजोगाईची जीप धरली.

वॉर्डच्या दारात सिस्टरनं अडवलं. "डब्यात काय आहे? पेशंटला बाहेरचं खायला चालणार नाही." मी म्हणाले, "खायचं नाही. माती आहे." तिनं माझ्याकडं असं बघितलं की मला सरांची आठवण झाली, माणसं त्यांच्याकडं अशीच बघायची. पण सोडलं आत.

सर एवढेसे झाले होते की चादरीखाली कुणी आहे की नाही कळेना. काकू म्हणाल्या, "बगा, कोन आलंय." डोळे उघडले, माझ्यावरून गेले, परत मिटले. मी डबा उघडून त्यांच्या हाताजवळ नेला. बोटं आत गेली. चुरलं त्यांनी. हात नाकापाशी नेता येईना, मी धरून नेला. कितीतरी वेळ तसेच. मग डोळे उघडले ते पुरते जागे होऊन.

"कुनी काढली?"

"मी. आन मामांनी."

"पाणी कुठं गेलं?"

"मातीत," मी म्हणाले. "पुढं काही न्हाई सर. संपलं."

त्यांचे ओठ हलले. हसले असावेत. मी वाकले.

"साडेचार," सर म्हणाले.

मला वाटलं चुकून ऐकलं. "साडेचार कावून? पाच ठरलं हुतं!" मी रडत होते आणि भांडतही होते, शेजारच्या खाटेवरचे लोक बघायला लागले.

"दुसरा खड्डा," ते म्हणाले. "अजून उघडायचाय."

तेवढ्यात फरशी पुसायला बाई आली. काकूंनी सरांसाठी गिलासात पाणी ओतलं होतं. सरांचं बोट चादरीवरून उचललं गेलं आणि त्या बाईकडं वळलं. काकूंना कळलं. त्यांनी दुसरं काही न शोधता तोच गिलास तिला दिला.

सर पाच दिवसांनी गेले.

दुसरा खड्डा आम्ही यंदा उघडला. या वेळी नवरा आपणहून फावडं घेऊन आला. लेक पाळण्यातून उतरून आता झाकणावर उड्या मारण्याएवढी झाली आहे. माती पहिल्यापेक्षाही चांगली निघाली. मामांनी मूठभर चुरली, वास घेतला आणि रस्त्याकडं बघत बसले, जीप येते त्या बाजूला.

मी म्हणाले, "मामा, माझा अर्धा मार्क राहिला."

"मास्तर असते तरी मिळाला नसता," मामा म्हणाले. "पाव दिला असता. पाव ठिवला असता, परत यायला."